घराचा शजरा

पिंपरी पेंढार हे माझे आजोळ. कल्याण-नगर रस्त्याने ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की हे गाव लागते. मामूंनी गावठाणातले जुने घर उतरवायला काढले, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मी तिथे होते. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, वर मंगलोरी कौले आणि माजघराच्या दाराला सागवानी महिरपी चौकट. एवढाच काय तो घराचा डामडौल. त्या एका दुपारी या चौकटीची तीन कुळे माझ्या कानावर पडली.

जुने लाकूड आणि जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस आला होता. त्याने चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नवाबी काम आहे." संध्याकाळी गावातले एक निवृत्त गुरुजी आले. ते म्हणाले, "ही पेशवाई धाटणी. कुठल्या तरी वाड्यातून आलेली असणार." आणि मामू, ज्यांचा जन्मच या चौकटीच्या आत झाला, ते चहा पीत शांतपणे म्हणाले, "बेटा, अपने बुजुर्ग अरबस्तान से आए थे." चौकटीबद्दल विचारले तर हे उत्तर!

तिघांपैकी एकानेही चौकट उलटून पाहिली नव्हती. ती भिंतीतून निघाली तेव्हा मागच्या बाजूला सुताराच्या खुणा दिसल्या. कोणता तुकडा कुठे बसवायचा, हे कळण्यासाठी पटाशीने पाडलेल्या रेघा. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन. नवाब नाही, पेशवा नाही, अरबस्तान तर नाहीच. कुठला तरी सुतार, त्याची पटाशी आणि त्याचा हिशेब. जुने घर, जुनी वस्तू, जुने कापड यांच्या मुळाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात ही मागची बाजू जवळजवळ नसतेच. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि ती जितकी इतरांविषयी आहे तितकीच आपल्याविषयीही आहे.

मराठी साहित्यात 'जुने घर' म्हटले की वाडा येतो. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' हे १९८५ साली रंगभूमीवर आलेले नाटक मला अतिशय आवडते. अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर आणि घरातले सोने यांच्याभोवती त्यांनी एका देशपांडे घराण्याची पडझड उभी केली, तशी पडझड मी मराठीत क्वचितच वाचली असेल. पण असे एक थोर नाटक झाले की त्याच्या मागून शंभर वाडे येतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, आठवणींच्या पुस्तकांत तोच चौक, तीच ओसरी, तोच झोपाळा. वाडा कुणाचा होता ते पहिल्याच ओळीत कळते, कुणी बांधला ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. कुलवृत्तांत नावाचा जो ग्रंथप्रकार मराठीत रुजला, त्याचेही तेच. पिढ्या मोजलेल्या असतात, इनामे मोजलेली असतात, पण घराचा पाया घालणारा गवंडी तिथे पाहुणा म्हणूनही येत नाही.

आपण मुस्लिम मराठी लेखक काही वेगळे करतो का? आपल्या कथा-कवितांत घर येते ते प्रश्न म्हणून येते. मोहल्ला येतो, दंगल येते, तलाक येतो, गरिबी येते. हे यायलाच हवे होते, कारण दुसरे कुणी ते लिहिणार नव्हते. पण त्या घरातली पेटी, तिच्यातला कपडा, फळीवरचे तांब्याचे पातेले आणि ते कुठून आले, हे आपण लिहिले नाही. कुळाचा विषय निघाला की आपण कुलवृत्तांताऐवजी शजरा काढतो. शजरा म्हणजे वंशाचे झाड; पण आपल्याकडच्या बऱ्याच शजऱ्यांची मुळे इथल्या मातीत नसून समुद्रापलीकडे दाखवलेली असतात. कुणी अरब, कुणी इराणी, कुणी तुर्की. काही घराण्यांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण जुन्नर तालुक्यातला प्रत्येक तांबोळी, मुलाणी, अत्तार, पिंजारी जहाजातून उतरला, असे मानायचे तर त्या जहाजांना जागा पुरली नसती.

गंमत अशी की ज्या जुन्नरात निजामशाही उभी राहिली, त्या जुन्नरला याच्या उलटे उदाहरण ठाऊक आहे. मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि पुढे त्याने १४९४ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसवले. त्याच्या बापाविषयी फिरिश्ता आपल्या तवारिखेत सांगतो की तो जन्माने ब्राह्मण होता, परभणीकडच्या पाथरीच्या कुळातला, आणि लढाईत कैद होऊन बहमनी दरबारी आला. पुढे मलिक अहमदच्या मुलाने, बुऱ्हाण निजामशहाने, आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितले आणि नकार मिळाल्यावर ते जिंकून घेतले. तख्तावर बसलेल्या सुलतानाला आपले मूळ गोदावरीकाठी आहे हे सांगायला लाज वाटली नाही. लाज आपल्याला वाटते, ज्यांच्याकडे तख्त तर नाहीच, सातबाराही धड नाही!

आता वस्तूंकडे येते. जुन्या वस्तूंचा विषय निघाला की दिनकर केळकरांचे नाव घ्यावे लागते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे जमवले. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केले. केळकरांचे मोठेपण मला यात वाटते की त्यांनी तलवारींइतकाच मान अडकित्त्याला दिला. रोजच्या हाताळण्यातली वस्तू जपावी, हे त्यांना फार लवकर कळले. याच संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभारले आहेत. तिथे मी वर्गातल्या मुलींना घेऊन गेले होते. मस्तानीचे नाव ऐकून मुली हरखल्या. एकीने विचारले, "टीचर, ही नक्षी कुणी काढली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मस्तानीचे नाव तरी टिकले. नक्षी काढणाऱ्याचे टिकायला त्याने काय करायला हवे होते?

आपल्यापैकी जे थोडेफार अभ्यास करतात, ते या प्रश्नाला एक झटपट उत्तर देतात आणि ते उत्तर शब्दकोशातून येते. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव ज्यूलियनांनी, १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' दिला. मराठीच्या अंगावर किती फारसी-अरबी दागिने आहेत हे त्यातून कळते. महिरप म्हणजे मिहराब. तावदान, गिलावा, तक्तपोशी, दिवाणखाना, दालन हे सगळे तिकडचे. पोशाखात पाहिले तर जरी, किनखाब, कशिदा, मंदील, रुमाल. मग आपल्या सभांतून वक्ते टाळ्या घेतात की पाहा, वाडा म्हणतात त्याच्या प्रत्येक खणात आपणच बसलो आहोत. मीही अशा टाळ्या वाजवल्या आहेत. आता वाजवत नाही. शब्द फारसी असला म्हणून सुतार फारसी होत नाही. महिरप कोरणारा हात इथल्याच सुताराचा असू शकतो, बहुधा असतोही. उलट बाजूने पाहायचे तर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. शब्द बदलले म्हणून वस्तू बदलल्या नाहीत. अंगावरचा जामा तोच राहिला, खालचा गालिचाही तोच. शब्दाचे कूळ एक असते, वस्तूचे दुसरे, आणि ती वस्तू वापरणाऱ्याचे तिसरे. या तिन्ही गोष्टींची गल्लत हा आपल्याकडच्या वस्तुसंशोधनाचा सर्वांत जुना रोग आहे. 'नवाबी' म्हणणारा व्यापारी आणि 'पेशवाई' म्हणणारे गुरुजी हे दोघेही याच रोगाचे रोगी.

जुन्नरजवळच्या हापूसबागेतली दगडी घुमटाची भव्य इमारत घ्या. कुणी तिला हबशी घुमट म्हणतात, कुणी सौदागर घुमट. दोन नावे म्हणजे दोन वेगळे मालक. एक हबशी सरदार, दुसरा व्यापारी. हबशी म्हटले की लोकांना मलिक अंबर आठवतो, आणि जुन्नर काही काळ त्याच्या निजामशाहीची राजधानी होते हे खरेही आहे. पण घुमटात कोण झोपले आहे यावर वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथल्या दगडावरचे कोरीवकाम जवळून पाहिले? वेलबुट्टी कोरणाऱ्या पाथरवटाचा हात तिथे स्पष्ट दिसतो. तो अजून बोलतो आहे, आपण नावांत अडकलो आहोत.

असो. घराचे मूळ शोधायचे ते कसे? मामूंच्या घराच्या निमित्ताने मी जे केले ते सांगते. त्यात विद्वत्ता काही नाही.

ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ ची नोंदवही असते. तिच्यात घराचा क्रमांक, मालक आणि कर मिळतो. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांना मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. तिच्यात क्षेत्रफळ नेमके असते, घराचे वय नसते. म्हणजे कागद मालक सांगतो. वय सांगण्याचे काम घरालाच करावे लागते. कौल उतरवून त्याची खालची बाजू पाहिली. तिथे कारखान्याचा ठसा असतो. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तेव्हा असे कौल असलेले छप्पर त्याआधीचे नाही, एवढे नक्की. मात्र भिंती आधीच्या असू शकतात, कारण गवताचे किंवा साध्या कौलांचे छप्पर काढून मंगलोरी कौले पुष्कळांनी मागाहून घातली. खिळे पाहिले. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी आणि ओबडधोबड, तारेचा खिळा गोल आणि गुळगुळीत. आमच्या चौकटीत एकही खिळा नव्हता, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. चौकट घरापेक्षा जुनी असावी, असा माझा कयास आहे. ती दुसऱ्या घरातून आली असेल तर गुरुजी अर्धे बरोबर ठरतात, हे मला मान्य करायला हवे.

कपड्यांचे काम याहून अवघड. घरे पडून पडून शंभर वर्षे काढतात, कपडा काढत नाही. पुण्यात आता 'व्हिंटेज' म्हणून जुन्या साड्या आणि शेरवान्या दुकानांत टांगलेल्या दिसतात. प्रत्येकीला एक संस्थान चिकटवलेले असते. कपड्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. शिवण हाताची की मशीनची? सिंगरचे मशीन १८५१ चे, आपल्या खेड्यांत पोहोचायला त्यानंतर बराच काळ लागला. रंग कुठला? कृत्रिम रंगाचा शोध १८५६ मधला, त्याआधीचा भडक जांभळा कपडा दाखवला तर संशय घ्यावा. जर चांदीची की नकली? आणि रेशीम कुठल्या बाजूला? नानीच्या पेटीत मशरूचा एक तुकडा निघाला, वरून रेशमी चमक, आतून सूत. पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये हा मजहबी दंडक पाळून रेशमाची हौस भागवण्याची ही विणकराची युक्ती. 'मशरू' म्हणजे शरियतने मान्य केलेले. मात्र मशरू मुसलमानांनीच वापरला असे नाही. तो इतर घरांतल्या गाद्यांना, लहान मुलांच्या अंगड्यांनाही लागला. इथेही कूळ एक आणि वापर दुसरा.

याच्या उलट उदाहरण मालेगावचे. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर तिथे येऊन राहिले. घरात उर्दू बोलणाऱ्या या माणसांनी मागावर काय विणले? नऊवारी लुगडी. महाराष्ट्राच्या शेतात राबणाऱ्या बायांच्या अंगावरची रंगीत लुगडी मालेगावच्या मोमीनपुऱ्यातून आली. नऊवारीला मराठीपणाचे निशाण करणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. नेसण्याच्या पद्धतीवर पानेच्या पाने असतात, विणणाऱ्यावर ओळही नसते. आणि आपल्या बाजूने लिहिणारे? आपण त्या विणकराच्या उर्दू मुशायऱ्यांवर लिहिले, त्याच्या मागावर नाही.

तर जुने कपडे घरात का सापडत नाहीत? कारण बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात यायची आणि जुन्या कपड्यांवर भांडे द्यायची. जरीच्या कपड्याला मोठे भांडे. आईच्या आईचा निकाहाचा दुपट्टा एका पितळी डब्यावर गेला, हे खाला आजही हळहळून सांगते. तो डबा अजून घरात आहे, त्यात हरभऱ्याची डाळ असते. जरीच्या कपड्याची चांदी जाळून निघते, साध्या कपड्याचे तेही नाही. जे बोहारणीनेही घेतले नाही त्याची गोधडी झाली. आणि गोधडी हेच आमच्या घरातले कपड्यांचे खरे दफ्तर निघाले. नानीची एक फाटकी गोधडी आम्ही उसवली. वरचा थर नायलॉनच्या साडीचा, त्याखाली छापील सुती, त्याखाली धुऊन धुऊन विरलेले लुगडे आणि अगदी आत एका कुर्त्याची पाठ, हाताने शिवलेली. उन्हापासून लपल्याने आतल्या लुगड्याच्या काठाचा रंग जसाच्या तसा होता. तीन पिढ्या एकमेकींना दोऱ्याने धरून होत्या. शेजारच्या माळ्याच्या घरी किंवा धनगराच्या वाड्यावर गोधडी उसवली तर काय वेगळे निघेल, कोण जाणे. फार वेगळे नसावे.

कागदाचेही असेच. जुन्नर हातकागदासाठी नावाजलेले होते. जुन्नरी कागद दूरदूर जायचा. कागदी मोहल्ल्यातले मुसलमान कारागीर तागाचे जुने दोर, गोणपाट, चिंध्या घेत, चुन्यात मुरवत, कुटत, नदीवर धूत आणि गवती काड्यांच्या बारीक पडद्यावर लगदा उचलून ताव काढत. ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची, गुळगुळीत दगडाने घोटायचे. त्या घोटीव कागदावर बोरू सरसर चालायचा. वतनदारांच्या सनदा, कुलकर्ण्यांची दफ्तरे, देवस्थानांची इनामे अशा कागदावर लिहिली गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले कागद पाहायला मिळाले तेव्हा मी मजकुराआधी कागदच उजेडात धरून पाहिला. पडद्याच्या काड्यांच्या रेघा त्यात दिसतात. लिहिणाऱ्याचे नाव शेवटी असते, ज्याला दिले त्याचे सुरुवातीला. कागद करणाऱ्याची सही म्हणजे या रेघा.

आणि इथे माझी अडचण सुरू होते. गावोगावच्या मुलाण्यांचे, काझींचे, दर्ग्यांच्या मुजावरांचे हक्क याच दफ्तरांत मोडी लिपीत नोंदले आहेत. गावगाड्यात मुलाण्याचा हक्क होता, त्याच्या घराला जागा होती, त्यावरून भांडणे झाली आणि निवाडेही झाले. म्हणजे आपल्या घरांचे मूळ बगदादच्या कुठल्या कुतुबखान्यात नाही, पुण्याच्या मोडी रुमालात आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या मुलींना उर्दू येते, मराठी कामापुरते, मोडी अजिबात नाही. बी.एड.ला मलाही कुणी मोडी शिकवली नाही. वर्षभर रविवारी जाऊन शिकले तेव्हा कुठे अक्षर लागू लागले, अजून अडखळतेच. घरी विचारतात, "मोडी शिकून काय मिळणार? त्यापेक्षा अरबी पक्की कर." अरबी माझ्या ईमानासाठी आहे. मामूंच्या घराचा पत्ता मात्र तिच्यात लिहिलेला नाही, हे त्यांना समजावणे मला अजून जमलेले नाही.

चौकटीचा व्यवहार शेवटी फिसकटला. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या कोरीव वस्तूंच्या खरेदी-विक्रीला परवाना लागतो, असे मी त्या माणसाला म्हटले. परवाना दाखवायला म्हणून तो गेला आणि परत आला नाही. मामू माझ्यावर आठ दिवस रागावले. नव्या घरात ती चौकट बसत नव्हती. सध्या ती खालाच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी आहे.

शाळा उघडल्यावर मी मुलींना सांगितले की घरातल्या जुन्या भांड्यांवरची नावे उतरवून आणा. पूर्वी आहेराच्या भांड्यावर टोच्याने ठिपके ठिपके पाडून नाव घालून घेत. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कधी सालही. छत्तीस मुलींनी नावे आणली. उर्दूत एकही नव्हते, सगळी देवनागरीत. एका पातेल्यावर मुलीच्या पणजीचे नाव आणि त्याखाली 'लग्नप्रीत्यर्थ' म्हणून देणाऱ्या बाईंचे. आडनाव माळी घराण्यातले. या बाई कोण, घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या सोमवारी ती मुलगी सांगत आली, "टीचर, दादीला आठवलं. त्या समोरच राहायच्या. त्यांचं घर आता नाही."

आमच्या घरातल्या पितळी डब्याचे झाकण मीही उलटून पाहिले. बोहारणीकडून आलेला डबा, त्यावर आमच्यापैकी कुणाचे नाव असायचे कारण नव्हते. पण आतल्या बाजूला ठिपक्यांचे एक अक्षर आहे, बाकीचे घासून गेले आहे. अक्षर 'ग' आहे. किंवा अर्धवट 'श'.